शांत बाळाकडे आधी बघावं

ऑपरेशन होऊन आलेलं दोन दिवसांचं बाळ जोरात रडत असेल तर मला तितकीशी काळजी वाटत नाही. रडतंय म्हणजे श्वास नीट चाललाय, अंगात जोर आहे, आणि मुख्य म्हणजे चार माणसांना ते आपल्याकडे धावायला लावतंय. काळजी वाटते ती पलीकडच्या वॉर्मरवरच्या बाळाची, ज्याच्याबद्दल रात्रपाळीची सिस्टर हँडओव्हरला कौतुकाने सांगते, "सहा नंबर एकदम गुणी आहे हं. रात्रभर हूं नाही की चूं नाही."

मी पर्स लॉकरमध्ये टाकते, कोपरापर्यंत हात धुते आणि आधी सहा नंबरकडे जाते.

माझं घर ठाणे पूर्वेला, कोपरीत. नोकरी नवी मुंबईत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. आमच्याकडे सगळे एनआयसीयूच म्हणतात. बहुतेक बाळं कमी दिवसांची, कावीळ झालेली किंवा जंतुसंसर्गाची असतात. मधूनमधून सर्जरीची बाळं येतात. कुणाची अन्ननलिका पोटापर्यंत पोचलेलीच नसते आणि तिचं खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं असतं. कुणाचं आतडं जन्मतःच एका ठिकाणी बंद असतं. कुणाला शीची जागाच नसते, मग पोटावर वाट काढून द्यावी लागते. "एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन?" हा प्रश्न दिघ्याच्या चाळीतून आलेल्या बापाने विचारलाय आणि पाम बीच रोडवरच्या टॉवरमधून आलेल्यानेही. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात: त्याला दुखेल का? बाकीच्यांना तो पडत नाही असं नाही. उत्तर ऐकायची तयारी नसते.

मोठ्या माणसाला विचारता येतं, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? जरा मोठ्या मुलासमोर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं धरता येतात. पहिल्या २८ दिवसांतल्या बाळाबाबत यातलं काही चालत नाही. तिथे दुसऱ्याने बघायचं आणि त्याच्या वतीने आकडा लिहायचा. साक्ष द्यायची म्हणा ना. साक्षीदाराचे सगळे दोषही या कामात येतात: तो दमलेला असतो, त्याला दहा कामं असतात, आणि जिकडून आवाज येतो तिकडे तो आधी बघतो.

आता सहा नंबरचं बघा. छातीचं ऑपरेशन झालेलं, श्वासनलिकेत ट्यूब, व्हेंटिलेटरवर. हवा ट्यूबमधून जाते, स्वरयंत्राला ती लागत नाही, म्हणून अशा बाळाच्या रडण्याला आवाज नसतो. ते अगदी जीव तोडून रडत असलं तरी दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. जवळ जाऊन वाकलं की दिसतं. दोन भुवयांच्या मधे कातडी गोळा होऊन फुगवटा आलेला, डोळे घट्ट मिटलेले, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल झालेली, तोंड चौकोनी उघडलेलं, जीभ ताठ होऊन मधे खळगा पडलेला. रूथ ग्रुनाऊ आणि केनेथ क्रेग या दोन कॅनेडियन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये नवजात बाळांच्या चेहऱ्याचे असे एकेक तुकडे वेगळे करून त्यांची नोंद करायची पद्धत बसवली. मला ती पद्धत उशिरा कळली, पण तो चेहरा त्याआधीपासून ओळखीचा होता. एनआयसीयूत काम केलेल्या कुठल्याही बाईला तो ओळखीचा असतो.

याहून अवघड बाळ म्हणजे ज्याचा चेहराही काही सांगत नाही. रडायला ताकद लागते तशी कपाळाला आठ्या घालायलाही लागते. २७-२८ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाकडे ती नसते. टाचेला सुई टोचली की पूर्ण दिवसांचं बाळ आकांत करतं. हे पाय जरासा ओढून घेतं, थोड्या वेळाने सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, खाली येतं, आणि झालं. शिवाय दुखणं तासन्‌तास चालू राहिलं तर पूर्ण दिवसांचं बाळही रडणं सोडून देतं. हलत नाही, कुठे बघत नाही, डायपर बदलायला हात लावला की अंग ताठ करतं. लांबून बघणाऱ्याला ते झोपलेलं वाटतं. गुणी वाटतं.

म्हणून बॉनी स्टीव्हन्स या कॅनडातल्या नर्स-संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली दुखण्याला गुण देणारी जी मोजपट्टी प्रसिद्ध केली (गुण जास्त म्हणजे दुखणं जास्त), तिच्यातली एक गोष्ट मला भारी आवडते. बाळ जितकं कमी दिवसांचं तितके गुण त्याला आधीच जास्त. २८ आठवड्यांच्या आतलं असेल तर ३. झोपलेल्या बाळालाही जागं असलेल्यापेक्षा जास्त, कारण झोपेत प्रतिक्रिया दबून उमटते. यातून गंमतही व्हायची. काहीही दुखत नसलेलं, अगदी कमी दिवसांचं, गाढ झोपलेलं बाळ नुसतं पडल्या पडल्या ६ गुण मिळवायचं. २०१४ च्या सुधारित पट्टीत ते दुरुस्त झालं. ठोक्यांत, सॅच्युरेशनमध्ये किंवा चेहऱ्यात काही बदल दिसला तरच हे जादा गुण द्यायचे. ती दुरुस्ती योग्यच होती, पण मला पहिली चूकही आवडायची. निदान ती शांत बाळाच्या बाजूने झालेली चूक होती.

ही पट्टी मुख्यतः सुई टोचणं, रक्त घेणं अशा घटकाभरच्या दुखण्यासाठी. ऑपरेशननंतर जे दिवस-दोन दिवस ठणकत राहतं त्यासाठी आमच्याकडे दुसरी चालते. सुझन क्रेचेल आणि ज्युडी बिल्डनर या दोघींनी अमेरिकेत १९९५ साली ती तयार केली. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. रडणं: किंचाळी फुटतेय का, आणि फुटत असेल तर समजूत काढल्यावर थांबतेय का. सॅच्युरेशन ९५ च्या वर ठेवायला ऑक्सिजन लागतोय का. ३० टक्क्यांच्या आत लागला तर एक, त्याहून जास्त लागला तर दोन. ठोके आणि रक्तदाब ऑपरेशनच्या आधीपेक्षा किती चढले. १० टक्क्यांपर्यंत सोडून द्यायचं, २० च्या पुढे गेलं की दोन. मग चेहरा. आणि शेवटी, गेल्या तासाभरात ते कितीदा जागं झालं. ४ च्या वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं.

हिच्यात एक बारकावा आहे जो फक्त बाळाच्या शेजारी उभं राहून काम केलेल्या माणसालाच सुचेल: रक्तदाब सगळ्यात शेवटी घ्यायचा. कफ फुगला की झोपलेलं बाळ जागं होतं, आणि तुम्ही जे मोजायला आला होतात तेच तुमच्या हाताने बिघडतं. नवीन मुली सवयीने आधी कफ लावतात. मी त्यांना काही बोलत नाही, फक्त हात धरते. आधी नुसतं उभं राहून बघ, म्हणते. हात न लावता.

आकड्यांवर माझा फार विश्वास आहे असं नाही. एकाच बाळाला मी ५ देते आणि आमची मल्याळी सिस्टर ४ देते. आम्ही दोघीही डोळसच आहोत. पण आकड्याचा एक उपयोग पुस्तकात सापडणार नाही. रात्री तीनला निवासी डॉक्टरला उठवून "सर, मला वाटतं त्याला दुखतंय" म्हटलं तर तो डोळे न उघडता विचारतो, व्हायटल्स काय? "सर, स्कोअर ६ आहे, तासाभरापूर्वी ३ होता" म्हटलं की चपला शोधायला लागतो. सिस्टरच्या वाटण्याला किंमत नसते, आकड्याला असते. मग आकडा तर आकडा.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते आमच्यावर बरोबर चिडतील. मॉर्फिन किंवा फेंटानिल दिलं की दुखणं कमी होतं आणि त्याबरोबर श्वासही मंदावू शकतो. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून कामाला लागत असतात, औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून दुसरा डोस कधी द्यायचा हा साधा प्रश्न राहत नाही. व्हेंटिलेटर काढायच्या बेतात असलेल्या बाळाला जास्त औषध दिलं तर आणखी दिवसभर ट्यूब राहते. म्हणून हल्ली घड्याळ लावून पॅरासिटामॉल देतात, भूलतज्ज्ञ शक्य तिथे पाठीच्या खालच्या टोकाला इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करून पाठवतात, आणि मॉर्फिन जपून वापरतात. कमी द्यायचं की जास्त, यावर वाद होतील. बघायचं की नाही, यावर आता तरी वाद नाही.

एके काळी होता. आणि तो काळ फार जुना नाही. माझ्या शाळेच्या वयातला.

तेव्हा डॉक्टर शिकत की नवजात बाळाच्या ज्ञानतंतूंवरचं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे त्याला दुखणं असं कळत नाही. आवरण नसलं की संदेश सावकाश जातो, थांबत नाही. आणि मोठ्या माणसाच्या शरीरातही ठसठसणारं दुखणं वाहून नेणारे बारीक तंतू बिनआवरणाचेच असतात. त्यांच्यावरून कुणी मोठ्यांना दुखत नाही असं म्हटलं नाही. उलट मेंदूकडून खाली येऊन दुखणं दाबून धरणारी जी व्यवस्था मोठ्यांत असते ती बाळात अजून कच्ची असते. म्हणजे शक्यता झाली तर जास्त दुखण्याची.

पण मला वाटतं खरं कारण भीतीचं होतं. त्या वेळची भुलीची औषधं इवल्या बाळांना सोसत नसत, रक्तदाब कोसळे, बाळ टेबलावरच जाईल ही धास्ती असे. म्हणून थोडा नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे करणारं औषध, एवढ्यावर ऑपरेशनं होत. लुळं पडलेलं बाळ हलत नाही, रडत नाही, चेहरा करत नाही. सर्जनला हवं तसं स्थिर राहतं. ते बाळ शांत आहे याची सगळ्यांनी नोंद घेतली, आणि का शांत आहे हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

ज्यांना वाटली त्यांतले एक डॉ. कंवलजीत आनंद. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनला नेताना बरी असलेली बाळं परत येताना फार खालावलेली असतात हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या भानगडीत न पडता रक्त तपासलं. मुदतीआधी जन्मलेली, हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याचं ऑपरेशन होणारी १६ बाळं घेतली. ८ बाळांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे भूल, ८ बाळांना त्याच्या जोडीला फेंटानिल. ज्यांना फेंटानिल मिळालं नव्हतं त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळलेली होती आणि ऑपरेशननंतर रक्ताभिसरणाच्या तक्रारीही त्यांनाच जास्त झाल्या. हे १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. १६ बाळं म्हणजे काही फार नव्हेत. पण तोंडाने, हाताने, पायाने काही सांगू न शकणाऱ्या बाळाचं रक्त बोललं होतं, आणि ते खोडून काढणं अवघड होतं.

त्याच सुमाराला अमेरिकेत जिल लॉसन नावाची एक आई पत्रं लिहीत होती. तिचा मुलगा जेफ्री १९८५ साली मुदतीच्या कितीतरी आधी जन्मला होता, त्याच्यावर तेच ऑपरेशन झालं होतं, आणि काही आठवड्यांनी तो गेला होता. त्यानंतर तिला कळलं की ऑपरेशनच्या वेळी त्याला फक्त हालचाल थांबवणारं औषध दिलेलं होतं. दुखण्यासाठी काहीच नाही. १९८६ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं की नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशामक द्यायलाच हवीत. शास्त्रज्ञाचा पुरावा आणि आईचा संताप एकदम आले. एकट्या पुराव्याने किती वर्षं घेतली असती, देव जाणे.

मी हे नव्या मुलींना शिकवते तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पण आयांना कळत नव्हतं का तेव्हा?" कळत असणार. विचारलं कुणी होतं?

आता आमच्याकडे एक आजी आल्या होत्या त्यांची गोष्ट सांगते. पाटण तालुक्यातल्या. मुलगा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी, कोपरखैरण्याला राहायला. नातवाचं आतडं बंद होतं, ते कापून जोडलेलं. आजींना आत यायला मिळायचं ते थोडा वेळ. पण तेवढ्यात त्या माझ्या सगळ्या पट्ट्यांची परीक्षा घेऊन जात. एकदा मी तक्त्यावर ५ लिहीत असताना त्या पाठीमागून म्हणाल्या, "आवं सिस्टर, ते दुखून न्हाय रडत. भुकावलंय ते."

त्यांचं बरोबर होतं. आतड्याच्या ऑपरेशननंतर बाळाला तोंडाने काही देत नाहीत. पोटातून हिरवं पाणी येणं थांबेपर्यंत सगळं शिरेतून. जन्मल्यापासून दुधाचा थेंब न मिळालेलं बाळ भुकेने रडणार नाही तर काय करणार? मूठ तोंडाकडे नेत होतं, गालाला बोट लागलं की तिकडे तोंड वळवून चोखायला बघत होतं. दुखणारं बाळ असं शोधत नाही. रबरी चोखणी दिली की पाच मिनिटं थांबायचं, मग फसवणूक लक्षात आल्यासारखं पुन्हा सुरू. पट्टीला मात्र हे वेगळं कळत नाही. रडतंय, ठोके चढलेत, जागं आहे: तिच्या लेखी सगळे गुण दुखण्याच्या खात्यात. त्या आकड्यावर मॉर्फिन चढवलं असतं तर उपाशी बाळाला गुंगी आणल्यासारखं झालं असतं. ओली दुपटी, गार हात, चिकटपट्टीने ओढली गेलेली कातडी, डोक्यावरचा दिवा, हे सगळं आधी तपासून मगच आकडा धरायचा असतो, आणि ते 'सगळं' कुठल्या तक्त्यात छापलेलं नसतं.

पण आजींचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. दुसऱ्या दिवशी बाळ झोपेत तोंड वाकडं करत होतं. क्षणात हसल्यासारखं, क्षणात कळ आल्यासारखं. आजी निवांत. "सटवाई हसवती, सटवाईच रडवती. तुमी नगा काळजी करू." आमच्या कोकणातल्या घरीही आजी हेच म्हणायची. आणि त्यात निरीक्षण चुकीचं नाही: नवजात बाळाची निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते, पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, कपाळाला आठी पडून जाते. अशा झोपेतला चेहरा बघून गुण देणारी सिस्टर हमखास फसते. म्हणून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. सटवाईची आठी आली तशी जाते, ठोके जागच्या जागी असतात. त्या दिवशी जात नव्हती. भुवयांमधला फुगवटा तसाच, मॉनिटरवर ठोके १४० वरून १७५ ला, आणि पोटाला डायपरची कड लागली की दोन्ही पाय पोटाशी. तिथे मी आजींचं ऐकलं नाही. पॅरासिटामॉलची वेळ टळून गेली होती, ते दिलं, डॉक्टरांनी थोडं फेंटानिल सुरू केलं. तासाभराने ती आठी सुटली.

आजी बघत होत्या. म्हणाल्या, "मग सटवाई न्हवती ती." एवढंच. वाद नाही घातला. मला वाटतं त्यांना माझ्याबद्दल थोडा आदर वाटला असावा, किंवा सटवाईबद्दल कमी.

आकडा खाली आणणं आणि दुखणं खाली आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या धंद्यात आल्यावर हे सगळ्यात उशिरा उमगतं. रक्त घ्यायच्या आधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब टाकतात. जगभर चालतं, आम्हीही करतो. बाळ कमी रडतं, चेहरा कमी आक्रसतो, स्कोअर उतरतो. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये रिबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी टाचेला टोचताना बाळांच्या मेंदूतला विद्युत संदेशही नोंदवला. साखर मिळालेल्यांचा चेहऱ्याचा स्कोअर उतरलेला होता, मेंदूतला संदेश मात्र साधं पाणी मिळालेल्या बाळांइतकाच. यावर पुष्कळ वाद झाले. साखर टाकू नका असं मी म्हणत नाही, मीही टाकते. पण 'स्कोअर १, बाळ आरामात' असं लिहिताना पेन जरा अडखळतं.

झोपेच्या औषधाचं तर त्याहून सरळ आहे. मिडॅझोलामने बाळ झोपतं. ते दुखणं कमी करत नाही. व्हेंटिलेटरशी झगडणाऱ्या बाळाला ते दिलं की वॉर्डात सगळ्यांना हायसं वाटतं, बाळ सोडून. म्हणून मला ती पट्टी जास्त पटते जिच्यात दोन बाजू आहेत: दुखण्याचे गुण शून्याच्या वर, गुंगीचे शून्याच्या खाली, आणि कमी दिवसांच्या बाळाला दुखण्याच्या बाजूने आधीच गुण वाढवून. तिच्यात निपचित पडलेल्या बाळाला 'शून्य, छान' अशी शाबासकी मिळत नाही. का निपचित आहे ते लिहावंच लागतं.

कागदावरचं आणि रात्रीतलं अंतर मला माहीत आहे. एका सिस्टरकडे जितकी बाळं असायला हवीत त्याहून जास्त असतात, दोन पंप एकदम वाजतात, लॅबमधून फोन येतो, कुणाची कॅन्युला निघते. पहाटे पाचला तक्ता पूर्ण करायला बसलं की रांगेने २, २, २, २. असे तक्ते मी एकाहून जास्त हॉस्पिटलांत पाहिलेत. त्या मुलींना कामचुकार म्हणणाऱ्यांनी एक रात्र येऊन बसावं. फक्त तक्त्यावर सगळीकडे २ दिसले की मी समजते, इथे बाळ बघितलं गेलेलं नाही. खऱ्या बाळाचा आकडा चढतो, उतरतो, औषधानंतर पडतो, ड्रेसिंगला उसळतो. सरळ रेष कुठल्याच ऑपरेशनच्या बाळाची नसते.

मदतीला हात कमी पडतात तेव्हा मी बापांना कामाला लावते. आई बहुधा दुसऱ्या वॉर्डात सीझरच्या टाक्यांवर हात धरून बसलेली असते. कोलंबियात बोगोटाला १९७८ मध्ये बाळांना आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधून ठेवायची पद्धत सुरू झाली. त्याने दुखणंही कमी होतं हे पुढे दिसलं. पण पोटावर ताजे टाके, छातीत नळी असलेलं बाळ लगेच असं उचलता येत नाही. तेव्हा दुसरी युक्ती. एक तळवा डोक्याला, एक दोन्ही पायांना, गुडघे पोटाकडे हलकेच दुमडून धरायचे, आणि दाबायचं नाही, थोपटायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. त्या आजींच्या मुलाला, गोणी वाहून कातडं झालेल्या त्याच्या हातांची लाज वाटत होती. "सिस्टर, टोचंल की त्याला." म्हटलं, दादा, टोचत नाही, धरा. हात लावताना ठोके आधी थोडे चढले, मग एकेक करत उतरू लागले. तो मॉनिटरकडे बघायला लागला तशी मी म्हटलं, तिकडे नाही, इकडे बघा. पायाची बोटं बघा. पसरलेली होती ना? आता बघा.

त्याला दिसलं. पुढच्या खेपेला ड्रेसिंगच्या आधी तोच मला सांगत होता, "सिस्टर, आज बोटं ताणलीत त्यानं." हा माणूस दहावी नापास, आणि स्कोअर बरोबर काढत होता.

मध्यंतरी एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी आला होता. इस्त्रीचा शर्ट, टॅबलेट, अस्खलित पुणेरी मराठी. कॅमेरा बाळाच्या चेहऱ्यावर लावायचा, कॉम्प्युटर भुवया, डोळे, ओठ बघून दर मिनिटाला दुखण्याचा आकडा सांगणार. कल्पना वाईट नाही. आवाजाकडे आधी वळत नाही, रात्री तीनला दमत नाही, असा साक्षीदार मला हवाच आहे. मी त्याला आत नेलं. पहिल्या बाळाच्या वरच्या ओठावर आणि दोन्ही गालांवर ट्यूबची चिकटपट्टी. दुसरं काविळीसाठी फोटोथेरपीच्या दिव्याखाली, डोळ्यांवर काळी पट्टी. तिसऱ्याच्या नाकात ऑक्सिजनच्या नळ्या आणि टोपी भुवयांपर्यंत. चौथं पालथं.

"मॅडम, चेहरा तर दिसतच नाहीये," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. "आम्हालाही नाही दिसत."

रात्रपाळीला पुन्हा येतो म्हणालाय, बघू. तोवर नंबर एकच्या, म्हणजे सगळ्यात लहान मापाचे रक्तदाबाचे कफ संपलेत आणि रक्तदाबाशिवाय आमचा तक्ता अर्धवट राहतो, म्हणून इंडेंट पाठवलंय. स्टोअरवाले म्हणतात, नंबर तीन शिल्लक आहेत, चालतील का?